पेशी आणि आनुवंशिकीचा विद्यार्थी-संच : भिंगे चोख, पुस्तिका कच्ची

गेल्या जून महिन्यात नात अकरावी विज्ञानाला गेली, तेव्हा तिची पुस्तके घेण्यासाठी आम्ही दोघी अप्पा बळवंत चौकात गेलो होतो. परतताना पेठेतल्याच एका शास्त्रीय उपकरणांच्या दुकानात ‘पेशी व आनुवंशिकी : विद्यार्थी-संच’ असे लिहिलेला डबा दिसला आणि ३१ वर्षे शाळेत विज्ञान शिकवून निवृत्त झालेल्या मला तो उघडून पाहिल्यावाचून राहवले नाही. किंमत ७,२०० रुपये होती. थोडी घासाघीस करून ६,९०० रुपयांना तो घरी आला. सहा महिने आठवड्यातून किमान दोनदा वापरल्यानंतर हे परीक्षण लिहीत आहे. उत्पादकाचे व दुकानाचे नाव मुद्दामच देत नाही, कारण याच धाटणीचे संच निरनिराळ्या शिक्क्यांखाली विकले जातात आणि पालकांनी नावापेक्षा डब्यात काय आहे ते तपासणे अधिक उपयोगाचे आहे.

डब्यात एक एकनेत्री संयुक्त सूक्ष्मदर्शी, २५ तयार काचपट्ट्या, कोऱ्या काचपट्ट्या व आच्छादन काचा, आयोडीन, मेथिलिन ब्ल्यू आणि अ‍ॅसिटोकार्मिन ही तीन रंजके, सौम्य हायड्रोक्लोरिक आम्लाची कुपी, पिवळ्या-हिरव्या मण्यांच्या दोन पिशव्या, फळातील डीएनए वेगळा करण्याचे साहित्य आणि ४८ पानांची मराठी पुस्तिका एवढा ऐवज आहे.

सर्वांत आधी सूक्ष्मदर्शीबद्दल, कारण निम्म्याहून अधिक पैसे त्याचेच आहेत. धातूची चौकट, ४, १० व ४० पट वर्धनाची तीन वस्तुभिंगे, १० व २५ पटींची दोन नेत्रभिंगे, खाली आरसा आणि त्याला पर्याय म्हणून लहानसा एलईडी दिवा, अशी त्याची बांधणी आहे. भिंगे स्वच्छ आहेत, कडांपाशी रंगीत झालर फारशी दिसत नाही आणि १० वरून ४० च्या भिंगावर गेले तरी पाहिलेली वस्तू दृष्टिक्षेत्रातून निसटत नाही. शाळेच्या प्रयोगशाळेत मी वर्षानुवर्षे जे सूक्ष्मदर्शी वापरले त्यांतले बरेचसे याहून कमी प्रतीचे होते, हे मोकळेपणाने सांगते. दोष एकच आढळला : साधारण तिसऱ्या महिन्यापासून मंच आपल्या वजनाने हळूहळू खाली सरकू लागला आणि नीट जुळवलेले दृश्य मिनिटाभरात धूसर होऊ लागले. मोठ्या स्क्रूजवळची कडी घट्ट केल्यावर हे थांबले. मात्र ती कडी कशासाठी असते हे पुस्तिकेत कोठेही लिहिलेले नाही.

डब्यावर मोठ्या अक्षरांत ‘१००० पट’ असे छापले आहे, आणि गुणाकार म्हणून ते खोटे नाही, कारण ४० चे वस्तुभिंग आणि २५ चे नेत्रभिंग जोडले की हजार होतातच. पण ४० च्या भिंगाच्या नळीवर बारीक अक्षरांत ०.६५ हा जो आकडा कोरलेला असतो तो त्याचे संख्यात्मक द्वारक, म्हणजे भिंग किती रुंद कोनातून प्रकाश गोळा करते ते, सांगतो, आणि भिंगाचे उपयुक्त वर्धन त्या आकड्याच्या सुमारे हजारपटीपर्यंतच, म्हणजे येथे साडेसहाशेच्या आसपासच असते. एकमेकांपासून सुमारे अर्ध्या मायक्रोमीटरहून कमी अंतरावर असलेले दोन ठिपके हे भिंग वेगळे दाखवू शकत नाही. त्यापुढे नेत्रभिंग कितीही जबर लावले तरी धूसर चित्र मोठे होते, स्पष्ट होत नाही. आम्ही २५ चे नेत्रभिंग पहिल्याच आठवड्यात डब्यात परत ठेवले आणि ४०० पटींवर सुखाने काम केले.

याच कारणाने डब्यावरचे चित्र मला खटकते. त्यात पेशीचा रंगीत छेद दाखवला आहे, तंतुकणिकेच्या (पेशीला ऊर्जा पुरवणाऱ्या मायटोकाँड्रियाच्या) आतल्या घड्या आहेत, आंतर्द्रव्यजालिकेवर (पेशीतल्या पटलांच्या जाळ्यावर) प्रथिने बनवणाऱ्या रायबोझोमचे दाणे आहेत, आणि खाली लिहिले आहे, ‘हे सर्व स्वतः पाहा’. रायबोझोमचा व्यास २० ते ३० नॅनोमीटर, पेशीपटलाची जाडी ७ ते ८ नॅनोमीटर. प्रकाशाच्या सूक्ष्मदर्शीतून, मग तो कितीही महागाचा असो, या गोष्टी अशा दिसणार नाहीत. नोल आणि रुस्का यांनी १९३१ साली पहिला इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शी बांधल्यानंतर काही वर्षांनी कोठे माणसाला त्या दिसू लागल्या. चित्राच्या भरवशावर बसलेले मूल कांद्याच्या पापुद्र्यात तंतुकणिका शोधत राहते आणि शेवटी आपल्यालाच पाहता येत नाही असे मानून उठते. आमच्या घरी पहिल्या दिवशी नेमके हेच झाले. “आजी, यात नुसत्या विटा दिसतायत,” असे म्हणून नात हिरमुसली होती.

त्या विटांपासूनच आम्ही सुरुवात केली. मंचावर शाळेची साधी पारदर्शक पट्टी ठेवून ४ च्या भिंगातून पाहिले, तर दृष्टिक्षेत्राचा व्यास सुमारे साडेचार मिलिमीटर भरला. त्यावरून त्रैराशिक मांडले की १० च्या भिंगाखाली तो १.८ मिलिमीटर आणि ४० च्या भिंगाखाली ०.४५ मिलिमीटर होतो. आता १० च्या भिंगाखाली कांद्याच्या सहा पेशी एका रांगेत बसल्या, म्हणजे एक पेशी ०.३ मिलिमीटर लांब. पुस्तिकेत ही कृती नाही. ती असती तर संचाची किंमत दुप्पट वसूल झाली असती, कारण सूक्ष्म वस्तूचे चित्र काढणे आणि तिचे माप घेणे यांत फार अंतर आहे आणि परीक्षेच्या तयारीत दुसरे जवळजवळ राहूनच जाते.

आयोडीन घातल्यावर प्रत्येक पेशीत केंद्रकाचा पिवळसर तपकिरी ठिपका दिसला. रॉबर्ट हूक यांनी १६६५ साली बुचाच्या कापात ज्या ‘खोल्या’ पाहिल्या त्या मेलेल्या पेशींच्या नुसत्या भिंती होत्या; खोलीत राहणारा सापडायला, म्हणजे वनस्पतींच्या पेशींतील केंद्रक हा सार्वत्रिक घटक म्हणून रॉबर्ट ब्राऊन यांनी नोंदवायला, १८३१ साल उजाडावे लागले. दात कोरण्याच्या काडीने गालाच्या आतून हलकेच खरवडून घेतलेल्या पेशी मेथिलिन ब्ल्यूमध्ये उत्तम रंगल्या आणि पेशीभित्तिका नसली की पेशीची कड कशी वेडीवाकडी, दुमडलेली दिसते हे कांद्याशेजारी ठेवून पाहता आले.

रंजकाशिवायच्या दोन कृती मात्र पुस्तिकेत हव्याच होत्या. पुण्यातल्या कित्येक सोसायट्यांच्या कुंपणाशी जांभळ्या पाठीच्या पानांचे ऱ्हिओ लावलेले असते. त्या जांभळ्या बाजूचा पापुद्रा काढून त्यावर मिठाच्या पाण्याचा थेंब सोडला की पेशीतले पाणी बाहेर पडते, जांभळे रिक्तिकाद्रव्य आकसते आणि भित्तिका जागच्या जागी राहून पटल आत सरकलेले स्पष्ट दिसते; साधे पाणी वेळीच घातले तर ते पुन्हा भरते. अकरावीच्या मुलांना परासरणाची व्याख्या तोंडपाठ असते, पण पटल व भित्तिका या दोन वेगळ्या वस्तू आहेत हे या थेंबाने जसे पटते तसे व्याख्येने पटत नाही. दुसरी वनस्पती मत्स्यालयाच्या दुकानात मिळणारी हायड्रिला. तिचे कोवळे पान तसेच्या तसे पाण्याच्या थेंबात ठेवून दिव्याखाली थोडे तापू दिले, तर हरितलवके पेशीच्या कडेकडेने रांगेत फिरू लागतात. ती स्वतः पोहत नसतात. पेशीद्रव्यच वाहत असते आणि ती त्यात वाहून नेली जातात. पेशी जिवंत आहे, म्हणजे नेमके काय, हे मी वर्गात तोंडाने पुष्कळदा सांगितले, पण दाखवले फार थोड्यांना, याची त्या दिवशी रुखरुख वाटली.

या संचाचे खरे मोल कांद्याच्या मुळाशी आहे. अ‍ॅसिटोकार्मिन आणि आम्ल दिल्यामुळे सूत्री विभाजन, म्हणजे एका पेशीच्या दोन सारख्या पेशी होणे, घरी पाहता येते, आणि या किमतीच्या इतर डब्यांत मला ही सोय आढळली नाही. पण पुस्तिकेने सांगितलेल्या रीतीने ते दिसत नाही, हेही लगेच सांगायला हवे. ‘मूळ कापून रंजकात ठेवावे व पाहावे’ एवढेच तिथे लिहिले आहे. तसे केल्यावर आम्हाला तांबड्या गाळाखेरीज काही दिसले नाही. कांदा पेल्याच्या तोंडावर पाण्याला टेकवून ठेवला की दोन-तीन दिवसांत मुळे फुटतात. त्यांची टोके सकाळी कापून तीन भाग अल्कोहोल व एक भाग ग्लेशियल अ‍ॅसेटिक आम्ल यांच्या मिश्रणात दिवसभर ठेवावी लागतात, म्हणजे पेशी ज्या अवस्थेत असतील त्याच अवस्थेत स्थिर होतात. हे मिश्रण संचात नाही. महाविद्यालयात शिकवणाऱ्या माझ्या एका जुन्या विद्यार्थिनीकडून थोडेसे मिळाले म्हणून आमचे भागले. त्यानंतर टोक सौम्य आम्लात कोमट पाण्यावर पाचेक मिनिटे ठेवायचे, त्यामुळे पेशींना एकमेकींशी चिकटवणारा पेक्टिनचा थर सैल होतो. मग फक्त शेवटचा एक-दीड मिलिमीटरचा भाग रंगवून, आच्छादन काच ठेवून, टिपकागदाच्या घडीवरून अंगठ्याने सरळ खाली दाबायचा. अंगठा जरा जरी सरकला तरी पेशी गुंडाळल्या जातात. आमच्या चार काचपट्ट्या अशाच वाया गेल्या.

पाचवीवर गुणसूत्रे, म्हणजे पेशीतला डीएनए ज्यांत गुंडाळलेला असतो ते धागे, दिसली. कांद्याच्या पेशीत ती १६ असतात आणि चांगली लठ्ठ असतात, म्हणून ४०० पटींवरही पश्चावस्थेतल्या दोन झुबक्यांमधले धागे ओळखता येतात. नातीने शिस्तीने २१२ पेशी मोजल्या. त्यांपैकी विभाजन चाललेल्या केवळ १९ निघाल्या : १२ पूर्वावस्थेत, ३ मध्यावस्थेत, १ पश्चावस्थेत आणि ३ अंत्यावस्थेत. पाठ्यपुस्तकात चारही अवस्थांची चित्रे एकाच आकाराची शेजारी शेजारी असतात, त्यामुळे चारींना सारखाच वेळ लागतो असा समज नकळत होतो. प्रत्यक्षात ज्या अवस्थेत पेशी अधिक काळ रेंगाळते ती अवस्था दृश्यात अधिक वेळा सापडते. १२ आणि १ यांतला फरक म्हणजे वेळेतलाच ढोबळ फरक. उरलेल्या १९३ पेशींना पुस्तिका ‘विश्रांती घेणाऱ्या पेशी’ म्हणते, आणि येथे मला तांबडी शाई काढावी लागली. दोन विभाजनांच्या मधल्या या काळातच पेशी वाढते, प्रथिने बनवते आणि मुख्य म्हणजे आपल्या सगळ्या डीएनएची दुसरी प्रत तयार करते. घरातली सगळी कामे उरकणाऱ्या बाईला ‘घरीच असते’ म्हणावे, तसलाच हा शब्दप्रयोग आहे.

आम्लाच्या कुपीबद्दल पालकांना एक सूचना. तिच्यावर ना तीव्रता लिहिलेली होती, ना धोक्याचे चिन्ह, आणि झाकण इतके सैल होते की खालचा स्पंज पिवळा पडला होता. द्रावण सौम्य असले तरी डोळ्यांत उडणे बरे नव्हे. आम्ही ते चष्मा लावून आणि माझ्या देखतच वापरले. लहान मुलांच्या घरात ही कुपी डब्यात ठेवू नये.

तयार काचपट्ट्यांबाबत मत संमिश्र आहे. २५ पैकी बहुतेक चांगल्या आहेत. मूलाग्राचा उभा छेद आणि मानवी रक्ताचा लेप हे दोन तर फारच सुबक. अमीबा आणि पॅरामेशियम यांच्या चिठ्ठ्यांची अदलाबदल झाली होती, ती मी पेनने दुरुस्त केली. ‘तंतुकणिका’ असे लिहिलेल्या काचपट्टीवर गुलाबी डागाखेरीज काही नव्हते. ‘मानवी गुणसूत्रे’ ही काचपट्टी खोटी नाही, पण या सूक्ष्मदर्शीसाठी निरुपयोगी आहे. ती मोजायला तेलात बुडवायचे १०० पटींचे वस्तुभिंग हवे. १९५६ साली टिओ आणि लेवान यांनी ४६ हा आकडा पक्का करेपर्यंत जाणकारही माणसाची गुणसूत्रे ४८ धरून चालले होते, तेव्हा अकरावीच्या मुलीला काळे ठिपके मोजायला लावण्यात अर्थ नाही. सर्वांत मोठी निराशा ‘लिलीचा परागकोश : अर्धगुणसूत्री विभाजन’ (ज्यात गुणसूत्रांची संख्या निम्मी होते ते विभाजन) या काचपट्टीने केली. तीत दिसतात ते पूर्ण तयार झालेले परागकण. विभाजन होऊन, चार-चार पेशींचे गट सुटे होऊन, भित्तिका जाड होऊन सगळे संपल्यानंतरचा हा परागकोश आहे. लग्नाचा फोटो म्हणून पंगत उठल्यावरच्या मांडवाचा फोटो द्यावा, तसे हे झाले.

याची भरपाई करणारी काचपट्टी एकच, आणि तिच्याविषयी थोडे सविस्तर लिहिते. ती सिकलसेल रक्ताची आहे. सुरुवातीला आम्ही साध्या रक्ताचा लेप पाहिला. ४०० पटींवर व्यासभर साधारण ६० तांबड्या पेशी बसतात, म्हणजे एकेक सात ते आठ मायक्रोमीटरची, मध्ये फिकट, केंद्रक नसलेली. मग दुसरी काचपट्टी लावली. गोल पेशींच्या घोळक्यात मधूनमधून विळ्याच्या पात्यासारख्या, दोन्ही टोकांना निमुळत्या पेशी दिसल्या. हिमोग्लोबिनच्या बीटा साखळीत १४६ अमिनो आम्ले असतात. त्यांपैकी सहाव्या जागी ग्लुटामिक आम्लाऐवजी व्हॅलिन आले की हा आजार होतो, हा बदल इन्ग्राम यांनी १९५६-५७ मध्ये दाखवून दिला. जनुकाच्या भाषेत सांगायचे तर जीएजी या त्रयीतल्या मधले एक अक्षर बदलून ती जीटीजी होते. एका अक्षराने प्रथिन बदलते, ऑक्सिजन कमी पडताच ते प्रथिन पेशीत लांब दोऱ्यांसारखे गोठते, दोरे पेशीला विळ्याचा आकार देतात, आणि अशा पेशी बारीक केशवाहिन्यांत अडकतात व सुमारे १२० दिवस टिकण्याऐवजी काही दिवसांतच फुटतात. जनुक, प्रथिन, पेशी आणि माणसाचे दुखणे अशी सगळी साखळी एकाच काचपट्टीवर उभी राहते. ‘पेशी’ आणि ‘आनुवंशिकता’ ही पाठ्यपुस्तकातली दोन प्रकरणे एकाच विषयाची आहेत, हे नातीला येथे उमगले असावे, कारण त्या दिवशी तिने जेवायला उठायला उशीर केला.

विदर्भातील काही समाजांत आणि नंदुरबारसारख्या आदिवासी भागांत हा आजार आहे, त्यामुळे आपल्याकडील विद्यार्थ्यांसाठी हे उदाहरण दूरदेशीचे नाही. पुस्तिकेतले याविषयीचे पान बरोबर आहे, पण एक वाक्य सुधारायला हवे. आई-वडील दोघेही वाहक (जनुकाची एकच सदोष प्रत असलेले) असतील तर ‘चार मुलांपैकी एकाला आजार होतो’, असे तिथे छापले आहे. शक्यता प्रत्येक गर्भारपणात स्वतंत्रपणे २५ टक्के असते. पहिले मूल आजारी निघाले म्हणून पुढची तीन सुखरूप असतील असे मुळीच नाही. ही चूक गुणपत्रिकेपुरती राहत नाही, एखाद्या घराचा निर्णय तिच्यावर बेतू शकतो.

आनुवंशिकीचा भाग म्हणून मण्यांच्या पिशव्या आहेत. दोन्ही पिशव्यांत पिवळे व हिरवे मणी सारख्या संख्येने घालायचे, प्रत्येकीतून न पाहता एकेक काढायचा, जोडीत एक जरी पिवळा असला तरी ‘पिवळा वाटाणा’ लिहायचे आणि दोन्ही हिरवे आले तरच ‘हिरवा’. कल्पना जुनी आणि चांगली आहे. पुस्तिका मात्र म्हणते, ‘ही कृती २० वेळा करा, ३:१ हे गुणोत्तर येईल. न आल्यास पुन्हा करा.’ हे वाक्य वाचून मी चष्मा काढून ठेवला. आम्ही ४० वेळा केले तर ३३ पिवळे आणि ७ हिरवे आले. नातीला वाटले, आपले काहीतरी चुकले. मग दोन संध्याकाळी बसून ४०० जोड्या काढल्या, तेव्हा २९७ आणि १०३ आले. वाटाण्यावरील प्रयोगांतून आनुवंशिकतेचे नियम मांडणारे मेंडेल यांनी बियांच्या रंगासाठी ८,०२३ बिया मोजल्या, त्यांत ६,०२२ पिवळ्या व २,००१ हिरव्या होत्या; उंच-बुटक्या झाडांसाठी १,०६४ झाडे मोजली तेव्हा ७८७ आणि २७७, म्हणजे गुणोत्तर २.८४ एवढेच आले, आणि त्यांनी ते तसेच छापले. उत्तर जुळेपर्यंत प्रयोग पुन्हा करावा असे विद्यार्थ्याला शिकवणे हे विज्ञानाच्या नेमके उलट आहे. गंमत अशी की मेंडेल यांचे आकडे अपेक्षेशी जरा जास्तच जुळतात अशी शंका सांख्यिकीतज्ज्ञ फिशर यांनी १९३६ साली घेतली होती आणि त्यावरचा वाद पुढे बरीच वर्षे चालला. हा प्रसंग पुस्तिकेत घालायला अर्धे पान पुरले असते.

मण्यांपेक्षा मला आमच्या स्वयंपाकघरातले डबे अधिक कामाचे वाटले. वाण्याकडे उसळीसाठी मिळणारा पांढरा वाटाणा आणि हिरवा वाटाणा भिजवून त्यांची साले काढली, तर आतली दले एकाची पिवळी आणि दुसऱ्याची हिरवी निघतात. मेंडेल यांनी मोजलेला गुण हाच. दाणा पिकताना हरितद्रव्य मोडून टाकण्याची यंत्रणा ज्याच्यात चालते तो पिवळा पडतो, आणि ज्याच्यात ती बिघडलेली असते तो हिरवा राहतो. म्हणूनच चालणाऱ्या जनुकाची एक प्रत असली तरी दाणा पिवळा होतो आणि पिवळा रंग प्रभावी ठरतो. हिरवा वाटाणा भिजवल्यावर पाणी गडद हिरवे झाले तर मात्र तो रंगवलेला समजावा, आणि प्रयोगाला काय, उसळीलाही घेऊ नये.

डीएनएच्या कृतीसाठी पुस्तिका स्ट्रॉबेरी मागते. पुण्यात जूनमध्ये ताजी स्ट्रॉबेरी मिळत नाही, म्हणून आधी केळ्यावर केली आणि डिसेंबरात महाबळेश्वरची फळे आल्यावर पुन्हा केली. फळ कुस्करून त्यात मीठ आणि भांडी घासायच्या साबणाचे पातळ द्रावण मिसळायचे, गाळायचे आणि वरून बर्फगार अल्कोहोल अलगद ओतायचे. साबणाने मेदाची पटले विरतात, मिठाने डीएनएचा ऋण प्रभार झाकला जातो, आणि अल्कोहोलात न विरघळणारा डीएनए पांढऱ्या शेंबडासारख्या धाग्यांनी वर येतो. लागवडीच्या स्ट्रॉबेरीत गुणसूत्रांचे आठ संच असतात, केळ्यात साधारणतः तीन, आणि फळ नीट पिकलेले असले तर धाग्यांच्या जाडीत फरक जाणवतो. संचातले अल्कोहोल पातळ आहे. अधिक तीव्र अल्कोहोल वापरल्यावर निकाल पुष्कळ सुधारला. ‘डीएनएची दुहेरी सर्पिल रचना डोळ्यांनी पाहा’ या शीर्षकाकडे मात्र दुर्लक्ष करावे. त्या सर्पिलाची रुंदी दोन नॅनोमीटर असते. काडीवर गुंडाळला जातो तो असंख्य रेणूंचा, प्रथिनेही अडकलेला, गोळा असतो. १८६९ मध्ये मिशर यांनी दवाखान्यातल्या पट्ट्यांवरच्या पुवातून जे ‘न्यूक्लीन’ वेगळे केले ते साधारण असेच दिसले असेल, आणि शीर्षकात तेवढे म्हटले असते तरी पुरे होते.

पुस्तिकेतली सर्वांत गंभीर चूक शेवटच्या पानांवर आहे. ‘आपल्या कुटुंबाची आनुवंशिकी’ या नावाचा तक्ता तिथे दिला असून जिभेची गुंडाळी करता येणे, कानाची पाळी सुटी असणे, अंगठा मागे वळणे हे गुण एकेका जनुकाने ठरतात असे गृहीत धरून आई-वडिलांचे व मुलांचे रकाने भरायला सांगितले आहेत. जिभेच्या गुंडाळीबद्दलचा दावा स्टर्टव्हंट यांनी १९४० साली मांडला. १९५२ मध्ये एकरूप जुळ्यांच्या ३३ जोड्या तपासल्या गेल्या तेव्हा त्यांपैकी ७ जोड्यांत एकाला गुंडाळी येत होती आणि दुसऱ्याला नाही, आणि पुढे खुद्द स्टर्टव्हंट यांनीही आपला दावा मागे घेतला. तरीही हा तक्ता छापला जातोच. कबूल करते, मीसुद्धा तो वर्गात अनेक वर्षे भरून घेतला. एकदा एका मुलाचे रकाने आई-वडिलांशी जुळेनात तेव्हा तो घरी जाऊन काय विचारील याची कल्पना येऊन मला घाम फुटला होता, आणि त्यानंतर मी तो बंद केला. याच पानावर ‘प्रभावी गुण म्हणजे समाजात अधिक आढळणारा गुण’ असेही लिहिले आहे. ओ रक्तगट अप्रभावी जनुकांमुळे येतो, तरी आपल्याकडे तो भरपूर आढळतो. उलट हातपाय आखूड राहणाऱ्या बुटकेपणाचा एक प्रकार प्रभावी जनुकामुळे होतो, तरी तो विरळा असतो. कुटुंबाचाच तक्ता करायचा असेल तर एबीओ रक्तगटांचा करावा, तोही घरच्यांच्या संमतीने आणि तो निदानासाठी नाही हे सांगून.

भाषेविषयी एक चांगला शब्द लिहायला हवा. केंद्रक, रिक्तिका, गुणसूत्रबिंदू, अंत्यावस्था अशा पाठ्यपुस्तकातल्याच संज्ञा पुस्तिकेत वापरल्या आहेत आणि मराठी माध्यमातून दहावी होऊन एकदम इंग्रजीत पडलेल्या मुलांना त्याने धीर येतो. लिहिणाऱ्याला मराठी येते. जीवशास्त्र जाणणाऱ्याकडून एकदा तपासून घ्यायचे राहिले, एवढेच.

दुकानदारांचा अनुभव सौजन्याचा होता. ‘तंतुकणिके’ची काचपट्टी त्यांनी काही न विचारता घेतली आणि तिच्या जागी कांद्याच्या मूलाग्राची आणखी एक दिली. ‘मानवी गुणसूत्रे’ बदलून ऱ्हिओच्या पानाचा छेद मागितला, तोही दिला. लिलीच्या काचपट्टीवर मात्र आमची पाच मिनिटे चर्चा झाली. “बाई, परागकोश तर आहे ना यात?” असे त्यांचे म्हणणे होते, आणि परागकोश आहे पण विभाजन नाही असे माझे. शेवटी त्यांनी ती दिव्याखाली स्वतः पाहिली आणि उत्पादकाकडे परत पाठवायला ठेवून घेतली.

पुन्हा घ्यायचे झाले तर मी हा संच पूर्ण घेणार नाही. त्याच दुकानात हाच सूक्ष्मदर्शी सुटा ४,८०० रुपयांना मिळतो. तीन रंजके, कोऱ्या काचपट्ट्या आणि आच्छादन काचा यांना आणखी पाचशे-सहाशे रुपये पडतात, आणि रक्ताच्या दोन काचपट्ट्या सुट्या विकत मिळतात. मणी वाण्याकडे वाटाण्याच्या रूपात आहेतच. ज्या घरात विज्ञान शिकलेले कोणी मोठे माणूस मुलाबरोबर बसणार आहे, त्या घराने असेच करावे. ज्या घरात मूल एकटेच पुस्तिका वाचून प्रयोग करणार आहे, तिथे सध्याच्या आवृत्तीसह हा संच देऊ नये असे माझे मत आहे. दुकानदारांना तसे मी सांगितलेही आणि दुरुस्त्यांची दीड पानी यादी त्यांच्याकडे उत्पादकासाठी देऊन ठेवली आहे. लिलीची नवी काचपट्टी फेब्रुवारीत येईल असे ते म्हणतात. तीत विभाजन खरोखर दिसले, तर या परीक्षणात तशी दुरुस्ती करीन.